विजयश्री लागली

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली आणि ही नवी वही, तिन्हींचा मुहूर्त आज एकदमच. उदगीरहून रात्रभर बसमध्ये कंबर मोडून घेतली, निगडीला उतरले आणि रूपीनगरच्या खोलीत बॅग टाकून थेट कंपनीत गेले. खोली चांगली आहे. पाणी दोन वेळ येतं असं घरमालक म्हणाले, म्हणजे एक वेळ येत असणार. आई म्हणते, दीपमाला, तू देवळात गेलीस तरी आधी चपलांकडं बघतेस, मग देवाकडं. बघते. चपला माझ्या असतात.

कंपनी तळवड्यात, आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत आहे. एका बाजूला पावडर कोटिंगवाले, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा बनवणारे. आम्ही सगळे मिळून दहा-बारा जण. सीटी स्कॅन करताना शिरेतून एक औषध देतात, त्यामुळं रक्तवाहिन्या पडद्यावर पांढऱ्या उजळून दिसतात. सध्याचं औषध आयोडीनचं आहे आणि ते अशक्त मूत्रपिंडांना जड जातं. आम्ही तेच टँटलम नावाच्या धातूच्या कणांपासून बनवतो आहोत. कण इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी बसावेत. रक्तातून फिरायचं, फोटो काढू द्यायचा आणि लघवीवाटे निघून जायचं, एवढंच त्यांचं काम. पाहुणे असावेत तर असे.

गणराज सर आमचे प्रमुख, मऊ बोलणारे. चाचणीसाठी पाळलेल्या सशांचे स्कॅन काढतो तो नौशाद. चहापाणी बघणाऱ्या सुमनताई इथल्याच मूळ गावच्या. पद्धत अशी की नव्या बॅचमध्ये जुन्या बॅचमधलं थोडंसं घालायचं, म्हणजे नवे कण जुन्यांना धरून वाढतात आणि सगळे एका मापाचे होतात. याला इंग्रजीत भलंमोठं नाव आहे, इथं सगळे 'विरजण' म्हणतात. फ्रिजमध्ये दाट पांढरी बाटली आहे, तिच्यावर मार्करनं मराठीत तेच लिहिलंय. मला हसू आलं.

माझ्या जागेवर आधी विजयश्री नावाची मुलगी होती. सुमनताई म्हणाल्या, ती लागली. कुठं लागली ते विचारायचं राहिलं. पगार माझ्यापेक्षा जास्तच असणार.

बस्तान बसलं की आईला इकडं आणायचं. बाबा गेल्यापासून ती एकटी आहे आणि माझी सगळी धडपड तिच्यासाठीच आहे. मार्चअखेर जमावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इथं कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. सगळं जग कामावर आणि मी खोलीत लोळत पडलेली. मामेभावानं टेम्पोतून माझी जुनी स्कूटी पाठवली. आरसा फुटलाय. तो आधीपासूनच फुटला होता म्हणे. नव्हता.

कंपनीतल्या जेवणाबद्दल लिहायला हवं. डबा ज्याचा त्याचा, पण दही सुमनताईंचं. वाटी उपडी केली तरी पडत नाही असं दही. दह्याशिवाय मला जेवण जात नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांच्याकडं विरजण मागितलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? त्यांनी वाटी भरून दिली. खोलीवर पिशवीच्या दुधाला लावलं आणि या गारठ्यातही तासाभरात घट्ट लागलं. दुधात हा दुकानदार काहीतरी घालत असणार.

जेवणानंतरची पद्धत गमतीची आहे. डबे बंद झाले की सगळे खुर्चीत पाठ टेकून बसतात. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, कुणी हलत नाही. मी पाण्यासाठी उठले तर सुमनताईंनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "हलू नगं, लागतंय." जेवण अंगी लागतंय, असं म्हणायचं असावं. मीही बसून राहिले. बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाणी कुठंतरी मुरतंय.

मागच्या सगळ्या बॅचेसचे निकाल पाहिले. दोन वर्षांपूर्वीचे कण थोडे लहान-मोठे आहेत, ते समजण्यासारखं आहे. त्यानंतर मात्र प्रत्येक कण एकाच मापाचा, तसूभरही फरक नाही. आईच्या हातच्या दोन भाकरीसुद्धा इतक्या सारख्या होत नाहीत. मला वाटतं, या लोकांना एकदा चांगला माल जमला आणि तोच नव्या लेबलाखाली दाखवताहेत. गणराज सरांना आडून आडून विचारलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले आणि म्हणाले, विरजण चांगलं असलं की दही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट दुधाची. रोज सकाळी कॅन भरभरून दूध येतं. दहा-बारा माणसांच्या चहाला आणि दह्याला इतकं? कुणीतरी बाहेर विकतंय. सुमनताईंवर संशय नाही, त्या भोळ्या आहेत. नौशादवर आहे. मागच्या उबेच्या खोलीची चावी त्याच्याच खिशात असते. द्राव ठराविक उबेत ठेवायची ती खोली, पण मला अजून कुणी आत पाठवलेलं नाही.

विजयश्री कुठं लागली, हे तिघांना वेगवेगळं विचारलं. तिघंही म्हणाले, लागली ती, छान लागली. कंपनीचं नाव एकालाही सांगता येऊ नये?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज चोर पकडला असं वाटलं. प्रयोगशाळेत गेले तर सुमनताई आमच्या फ्रिजसमोर उभ्या, हातात वाटी-चमचा, आणि चमचा आमच्या बाटलीत. मी ओरडलेच. त्यांना मी का ओरडले तेच कळेना.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्या इथं नव्या होत्या. थंडीत त्यांचं विरजण बिघडलं. कुणाकडं मागायचं म्हणून फ्रिज उघडला, तर समोर पांढरी दाट बाटली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं विरजण. चमचाभर घेतलं. "आमच्या दारात म्हशी हुत्या तवापासनं दही लावतीय," त्या म्हणाल्या, "पर आसं दही कदी लागलं न्हाई."

मी तशीच सरांकडं धावले. सरांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी मला बसवून समजावलं, की कळलं तेव्हा आपणही घाबरलो होतो, पण तपासण्यांत कुणाला काही निघालं नाही, कण लघवीवाटे जातातच. मग म्हणाले की बाटलीतलं सांडून संपलं तेव्हा सुमनताईंच्या दह्यातून परत विरजण घेतलं, आणि ते आमच्या कणांना जास्त मानवलं. तेव्हापासून दोन्हीकडचं विरजण एकच आहे. एवढं सांगताना त्यांचा आवाज जराही वर गेला नाही.

मी दोन आठवडे दोन्ही वेळ तेच खाते आहे. ऐकून मला मळमळलंसुद्धा नाही, आणि हेच मला आवडलेलं नाही.

खोलीवर आल्यावर पातेलं मोरीत उपडं केलं. दही वाहून गेलं नाही. पातेल्याच्या आकारात तसंच जाळीवर बसून राहिलं. शेवटी सुपलीनं उचलून बाहेर कचऱ्यात टाकलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल निगडीत डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं, नाडी पाहिली आणि म्हणाले की तब्येत उत्तम आहे, एवढा शांत रक्तदाब या वयात दिसत नाही. मी आणि शांत. उदगीरमध्ये कुणाला सांगितलं तर हसून लोळतील.

आज नौशादच्या मागं लागले की माझा स्कॅन काढ. सशांचं यंत्र लहान आहे, त्यात माणसाचा हात मनगटापर्यंत जातो. तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. तो लगेच तयार झाला. टेन्शन नको घेऊ, म्हणाला, फक्त हलू नको.

हाताच्या चित्रात हाडं पांढरी दिसतात आणि मांस करडं. माझ्या चित्रात हाडं दिसलीच नाहीत. तळव्यापासून नखांपर्यंत सगळं एकसारखं पांढरं होतं. कुठं हाड संपलं आणि कुठं मांस सुरू झालं, काही कळत नव्हतं. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्यावर त्यानं शांतपणे स्वतःचा हात आत घातला. त्याचाही तसाच. मग एका सशाचा पाय ठेवला, ज्याला अजून काहीच दिलेलं नव्हतं. त्यात एक न् एक बारीक हाड वेगळं दिसलं.

मी विचारलं, घरी कुणाला सांगितलंस का. तो म्हणाला, सांगायचं काय, बायकोला, आरफाला, पहिल्याच महिन्यात विरजण नेऊन दिलं. तिनं देहूरोडला माहेरी दिलं. विजयश्रीनं तिच्या गल्लीत दिलं, सुमनताईंनी अख्ख्या भावकीत. विरजण काय कुणी विकत घेतं का, असं त्यानं मलाच विचारलं.

खरं आहे. कुणीच घेत नाही. मागतात आणि देतात.

मला भीती वाटते आहे. इथं लिहून ठेवते, म्हणजे वाटली होती हे लक्षात राहील.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उबेच्या खोलीची चावी मागितली. नौशादनं खिशातून काढून हातावर ठेवली. इतके दिवस मी ज्यावर डोळा ठेवून होते, ते कुणी लपवलेलंच नव्हतं. मी मागितली नव्हती, एवढंच.

आत ऊब होती आणि ताज्या दुधाचा वास. मधोमध खुर्ची, तिच्यावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, वरून पांढरं फडकं. दह्याच्या भांड्याला गुंडाळतात तसंच. पायाशी दुधाची पातेली ओळीनं ठेवलेली. मी फडकं उचललं.

विजयश्री होती. ती मेलेली नव्हती. मेलेलं माणूस मी पाहिलं आहे, बाबांना पाहिलं आहे. ही तशी नव्हती. डोळे उघडे, चेहरा गुळगुळीत पांढरा, भुवयांपर्यंत पांढरा. ओठ किंचित हसरे. तिच्या उजव्या दंडाला एक खळगा होता. चमचा लावल्यावर दह्यात पडतो तसा, कडा स्वच्छ. रक्त नव्हतं. खळग्यात नितळ पाणी जमलं होतं.

आमच्या बाटलीत विरजण कुठून येतं ते मला कळलं.

पाठीमागं सुमनताई आल्या. त्यांनी फडकं परत नीट पांघरलं, कडा खोचल्या, लेकराला खोचावं तशा. मला म्हणाल्या की पोरगी फार अस्वस्थ असायची, लई इचार करायची, आता बघ कशी छान लागली. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुजंबी हुईल. धडपड करू नगं, पानी सुटतं."

मी पळाले. मागं कुणी आलं नाही, कुणी हाक मारली नाही. पोलिसांत जायचं तर काय सांगायचं? दही चांगलं लागलं म्हणून?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर गेले नाही. आईला फोन केला आणि सांगितलं, येऊ नकोस, मार्चमध्ये नको, नंतरही नको, मीच येईन. पण मी तरी कशी जाऊ? उदगीरला मी पातेलं घेऊन नाही जाणार, मी स्वतःच पातेलं आहे.

आईनं विचारलं, का येऊ नको. कारण सांगता येईना. तिनं विचारलं, कुणी मुलगा आहे का. मी नाही म्हटलं, पण उशिरा म्हटलं. शब्द जड येतात आता, तोंडात बसून राहतात. तिनं 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला. माझा संशयी स्वभाव आकाशातून पडलेला नाही, तिचाच आहे.

आई, येऊ नकोस.

एक गोष्ट सुचली आहे. सुमनताईच बोलून गेल्या. हलवलं की पाणी सुटतं. दही लागताना भांड्याला धक्का बसला तर ते लागत नाही. मग मी बसणारच नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कालपासून चालते आहे. तळवडे, चिखली, परत तळवडे. बसले की आतून काहीतरी दाटतं. उठून उड्या मारल्या की नाकाडोळ्यांतून पाणी येतं, नितळ, रडं नसताना. पाणी आलं की पुन्हा भीती वाटू लागते, आणि भीती वाटली की मला हायसं वाटतं.

आज स्कूटी काढली. देहूरोड, तळेगाव, तिथून चाकणचा रस्ता. त्या रस्त्यावरचे खड्डे आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडले असतील. एकही चुकवला नाही. प्रत्येक दणक्याला पाणी सुटत होतं, मानेवरून, कानांतून. डोकं लख्ख झालं. वाटलं, घुसळून निघेन, वाचेन. आईला रात्री सगळं नीट सांगेन.

चाकणच्या चौकात कोंडी. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, दोन्हीकडं बसेस. स्कूटी काढायला फट नाही. पाय टेकून उभी राहिले. अंग हलवत होते, बाजूचा रिक्षावाला बघून हसला. हात दुखले. जरा थांबले. ऊन छान होतं.

कोंडी सुटली तेव्हा मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. मला निघावंसंच वाटलं नाही. कुणीतरी स्कूटी ढकलून कडेला लावून दिली. कोण ते पाहिलं नाही. त्यानं आधी काही काढून घेतलं का तेही —

पर्स आहे. आता पाहिली. आता, खोलीवर आल्यावर.

१ मार्च, शनिवार

सकाळी भाजीवाल्यानं वजन केलं. काट्याकडं पाहिलं नाही.

घरमालक पाण्याबद्दल काहीतरी म्हणाले. खरंच असेल.

स्वतःची परीक्षा घेते आहे. संशय आठवून लिहायचे. दूधवाला — दूधवाल्याचं काय होतं? नौशाद, चावी. आरसा. आरसा आधीपासून फुटला असेल.

नाही. नव्हता. नव्हता फुटला. हे धरून ठेवायचं.

दिवेलागणीनंतर सुमनताई येऊन गेल्या. झाकलेली वाटी दिली. आमच्याकडं दिवे लागल्यावर कुणी विरजण देत नाही, घेतही नाही. घेतली. दूध कोमट केलं. कधी केलं ते आठवत नाही, पातेलं झाकलेलं समोर आहे, वर माझाच टॉवेल गुंडाळलेला.

फेकायला हवं. उठायला —

जरा वेळानं.

२ मार्च, रविवार

आई आली.

न सांगता आली. रात्रीच्या बसनं, निगडीवरून रिक्षा करून. मुलगा शोधायला. कपाट उघडून पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, माझ्या उशीचा वास घेतला. मी खुर्चीत. तिनं विचारलं, आजारी आहेस का. मान हलवली. हलवली असं वाटलं मला —

तिनं सगळीकडं पाहिलं. सगळ्यावर संशय घेतला. पातेल्यावर नाही घेतला. दह्यावर कोण घेईल.

हात जड. अक्षर बघ किती नीट येतंय, एकसारखं —

भात लावला तिनं. माझ्यासमोर बसून जेवली. दहीभात. मी म्हणाले खाऊ नको. तोंडातून आलं नाही. आई खाऊ नको. खाऊ नको. म्हणाली किती सुरेख लागलंय गं, असं तर आजीचंही —

दुसऱ्यांदा घेतलं.

आता तीही टेकून बसली आहे. थकवा गेला म्हणते. तुझ्याकडं बघून उगाच भलतं मनात आणलं म्हणते. हसते आहे. आई कधी असं म्हणत नाही, आई —

पातेलं संपलं. शेजारच्या काकूंना न्यायला थोडं हवं होतं म्हणते. चमचा हातात घेऊन माझ्याजवळ आली आहे. विचारते आहे, उदगीरला न्यायला विरजण कुठलं घेऊ.

सांगू नकोस. सांगू नकोस. दंड झाक, बाही खाली —

बाही वर मीच